रविवारची उपासना आणि सोमवारचा डबा

ख्रिस्ती घरातली रविवारची सकाळ तुम्ही कधी जवळून पाहिली आहे का? नगरकडच्या एखाद्या घरातली म्हणा, नाही तर पुण्या-मुंबईच्या चाळीतली किंवा फ्लॅटमधली. साडेनवाची उपासना. आठ वाजता धाकट्याचा एक मोजा सापडत नाही, थोरलीला घातलेली वेणी सोडून पुन्हा घालून हवी असते, 'साहेब' तोंडाला साबण फासून वर्तमानपत्रात डोके खुपसून उभे, आणि गॅसवर भाताला शेवटची वाफ. रिक्षात बसेपर्यंत दोन धपाटे आणि एक अबोला झालेला असतो. मग देवळाच्या फाटकापाशी उतरल्याबरोबर चेहरा सारखा करून आई म्हणते, "सलाम, ताई! सलाम, पाळकसाहेब!" आणि धाकटा तिच्याकडे टकमका बघत राहतो.

ज्या वाचक भगिनी ख्रिस्ती नाहीत त्यांनी हसू नये हं. सत्यनारायणाच्या दिवशी किंवा गणपती बसायच्या सकाळी तुमच्या स्वयंपाकघरातला आवाज किती पट्ट्या वर चढलेला असतो, ते शेजारणीला विचारा! धर्म कोणताही असो, घरात शिरला की तो आधी आईच्या अंगावर पडतो. आज बोलायचे आहे ते ख्रिस्ती घराबद्दल. पण माझी खात्री आहे, आपापल्या घराचे दार तुम्हांला त्यात दिसेल.

श्रद्धा घरात जगायची म्हणजे आईने करायचे तरी काय? हा प्रश्न महिला मंडळात विचारला की उत्तर यादीच्या रूपाने येते. पहाटे शास्त्रवाचन, मुलांना संडे स्कूल, संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना, आठवड्याची महिला सभा, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळच्या कार्यक्रमाची तयारी. सगळे चांगले. पण नोकरी करणाऱ्या, पाळणाघर गाठणाऱ्या, सासूबाईंच्या औषधाच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईने ही यादी कुठे टांगावी? मला वाटते, तिच्या दिवसात आणखी चार कामे घालून तिची श्रद्धा वाढत नाही. जी कामे ती करतेच आहे, ज्या कुरबुरी घरात चाललेल्याच आहेत, त्यांतच मुले आईचा देव कसा आहे ते वाचत असतात. रविवारचे प्रवचन ती विसरतात. सोमवारी डबा भरताना तुम्ही काय बोललात ते विसरत नाहीत.

लग्नात, मातृदिनाला, एखादीच्या अंत्यविधीलासुद्धा हमखास वाचला जाणारा एक शास्त्रभाग आहे. नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, सद्गुणी स्त्रीचे वर्णन. ती रात्र सरण्याआधी उठते, लोकर कातते, कपडे करून विकते, शेत पाहून ते विकत घेते, तिचा दिवा रात्री विझत नाही. ऐकूनच आपला जीव दमतो! पण तो अध्याय जरा सावकाश वाचून पाहा. एक म्हणजे त्या बाईला दासी होत्या. उठल्यावर ती घरच्यांच्या अन्नाबरोबर त्यांचाही वाटा काढते. दुसरे, शेत घेण्याइतका पैसा आणि ते घ्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिच्या हाती होता. तिसरी गंमत म्हणजे त्या अध्यायाची सुरुवातच मुळी लमुएल राजाला त्याच्या आईने केलेल्या उपदेशाने होते. म्हणजे मुलाने बायको कशी शोधावी याची ही यादी बहुधा सासूबाईंची! तेव्हा दासी नसलेल्या आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने ती वाचून स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्टही बायकांना अशीच बोचते. येशू घरी आला, मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकू लागली, मार्था एकटी स्वयंपाकात. तिने तक्रार केली तर मरीयेनेच चांगले निवडले असे तिला ऐकावे लागले. "मग जेवायला कोण घालणार होतं?" असे एकदा तरी मनात न आलेली ख्रिस्ती गृहिणी मला भेटायची आहे. पण येशूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवलेली नाहीत. तिची चिंता आणि तगमग तिला दाखवली. पुढे भाऊ लाजर वारला तेव्हा गावाबाहेर येशूला सामोरी जाते ती मार्थाच, आणि त्याच्यावरचा विश्वास स्वच्छ शब्दांत बोलून दाखवते तीही मार्थाच. त्यानंतरच्या मेजवानीत ती काय करते? वाढते! योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मार्था पुन्हा वाढते आहे. काम तेच आहे, तक्रार मात्र या वेळी नाही.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर लक्ष्मीबाई टिळकांपाशी थांबायलाच हवे. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी कित्येकींनी वाचली असतील. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या ब्राह्मण घरातल्या, पदरी लहानगा दत्तू. काही वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापाठोपाठ लगेच धर्म बदलला नाही. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली, म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली. त्याआधी राहुरीला एकदा त्या विचार करत बसल्या असताना त्यांच्या मनाने घेतले, की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या. तेव्हापासून कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. बघा, तिच्या श्रद्धेची पहिली पायरी पाण्याच्या तांब्याशी होती. आयुष्यभर ज्या गोष्टीचा विटाळ मानला ती हातात घेणे, हे कोणत्याही प्रवचनापेक्षा अवघड आहे. ते तिने आधी स्वयंपाकघरात केले, आणि देवळात त्यानंतर गेली.

टिळकांचा स्वभाव उदार. हातात आलेला पैसा टिकत नसे, दारी आलेला माणूस परत जात नसे, अनाथ पोर दिसले की घरी येई. या उदारपणाचे कौतुक आपण सर्वजण करतो. पण दातृत्वाचा धर्म नवऱ्याचा असला तरी भाकऱ्या थापायच्या बायकोने, हे 'स्मृतिचित्रां'त पानोपानी दिसते. लक्ष्मीबाई त्यावर चिडतात, भांडतात, रुसतात, आणि मग स्वतःवरच हसतात. त्यांनी स्वतःला देवी म्हणून कुठेही मिरवले नाही. नवऱ्याने आणलेल्या मुलांची आई त्या झाल्या, पण हसतखेळत, कधी कुरकुरत. १९१९ साली टिळक गेले आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते फारशी शाळा न शिकलेल्या या बाईने पुरे केले. त्यातला बराच मोठा भाग तिच्या हातचा आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की घरातल्या सत्कार्याचा भार कुणावर पडतो ते कुटुंबात मोकळेपणी बोलले पाहिजे. घरी प्रार्थनासभा ठेवायची असे पतिराज जाहीर करतात. पंचवीस माणसांचा चहा आणि पोहे कोण करणार? सभा चालू असताना ती आतच असते आणि शेवटच्या 'आमेन'ला पदराला हात पुसत दाराशी येते. अशा घरात मुलगा काय शिकतो? पुरुषाने प्रार्थना सांगायची आणि बाईने कप विसळायचे! तेव्हा त्या दिवशी पोहे साहेबांनी परतावेत, निदान कप मुलांनी धुवावेत. येशूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले, आणि उजाडताना किनाऱ्यावर त्यांच्यासाठी विस्तवावर मासे भाजून ठेवले. ख्रिस्ती पुरुषाला ओट्यापाशी उभे राहायला लाज वाटण्याचे काही कारण शास्त्रात तरी सापडत नाही.

आता संध्याकाळच्या प्रार्थनेविषयी थोडे. पुष्कळ घरांतून ती बंद पडली आहे. आधी मालिकांनी तिची वेळ घेतली, मग मोबाइलने. ती पुन्हा सुरू करायची असेल तर लहान ठेवा. दहा मिनिटे पुरेत. जेवणाआधी घ्या. जेवणानंतर धाकटी मंडळी पेंगतात आणि मग त्यांना ढोसण्यातच प्रार्थनेचा वेळ जातो. गीत मुलांना निवडू द्या. 'उपासना संगीता'तले तेच ते सोपे गीत महिनाभर निवडले तरी चालेल. वाचन एका प्रसंगाचे असावे, अख्ख्या अध्यायाचे नको. आणि आजी असेल तर गोष्ट तिला सांगू द्या. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे. ती ऐकत वाढलेल्या आज्या दाविदाची गोष्ट अशी रंगवतात की गोफणीचा धोंडा आपल्याच कानाजवळून गेल्यासारखा वाटतो.

एक पथ्य मात्र पाळा. प्रार्थनेचा उपयोग तक्रारपेटीसारखा करू नका. "हे प्रभू, आमच्या बंटीला सुबुद्धी दे, त्याने आज गणिताचा पेपर लपवून ठेवला..." हे ऐकताना बंटीचे डोळे मिटलेले असतात, पण कान लाल होतात! बाबांना जे कळू नये ते देवाच्या नावाने बाबांना कळवले गेले, एवढेच त्याला समजते. असे चार-सहा वेळा झाले की प्रार्थनेच्या वेळी नेमकी त्याच्या पोटात कळ येऊ लागते. मुलाचे जे बोलायचे ते त्याच्याशी बोला. देवापाशी त्याच्याबद्दल आभार माना, तेही त्याच्या कानांवर पडू द्या.

मुलांना रागे भरणे कुणाला चुकले आहे? इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने मुलांना आईबापांच्या आज्ञेत राहायला सांगितले, ते वाक्य घरोघरी पाठ आहे. लगेच पुढे त्याने बापांना मुलांना चिडीस आणू नका असे बजावले आहे. ते वाक्य पाठ असलेले बाप थोडे. आपला राग अवाजवी झाला असेल, चूक नसताना धपाटा बसला असेल, तर रात्री अंथरुणाशी बसून, "मघाशी माझं चुकलं, बाळा" असे मुलाला म्हणावे. पुष्कळ आयांना वाटते की याने धाक जाईल. मला तसे वाटत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा मागायला आपण मुलांना दोन-अडीच वर्षांपासून शिकवतो. क्षमा मागताना माणूस कसा दिसतो हे त्यांनी एकदा तरी पाहायला नको का?

आणखी एक जागा आहे जिथे मुले आपल्याला तपासतात. ती म्हणजे भांडीवालीचा चहाचा कप. तो वेगळा आहे का? खिडकीत, साबणाच्या डबीशेजारी, दांडा तुटलेला? लक्ष्मीबाईंनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे सोडले ते आपल्या घरात अजून खिडकीत बसले असेल, तर मुलांपुढे प्रीतीचा अध्याय वाचण्यात अर्थ नाही. तीच गोष्ट मुलगा-मुलीची. देवापुढे दोघे सारखे असे संडे स्कूलमध्ये शिकून आलेल्या मुलीला घरी आल्यावर भावाचे ताट उचलावे लागले, तर ती कोणता धडा खरा धरेल?

द्यायचे म्हटले की आपल्याला वाटते, पहिली तारीख उलटल्यावर हातात उरते काय! मिझोरममधल्या ख्रिस्ती बायकांनी यावर काढलेली तोड सांगण्यासारखी आहे. १९१० सालापासून तिथे 'बुहफाय थाम' म्हणजे मूठभर तांदळाची प्रथा आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ वेगळ्या भांड्यात काढायची. मंडळीतल्या बायका ते तांदूळ घरोघरून गोळा करतात, विकतात, आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. एका मुठीने कुणाचे पोट अर्धे राहत नाही, पण सगळ्या मुठी मिळून वर्षाकाठी कोट्यवधी रुपये उभे राहतात. आपल्या घरात तांदळाचा डबा आहेच. ती मूठ मंडळीलाच द्यायची असेही नाही. जिन्याखाली राहणाऱ्या म्हातारीला महिन्याचे दोन किलो पोचले तरी झाले. मूठ मात्र मुलांच्या हाताने काढवून घ्या. चिमुकल्या मुठीत तांदूळ कमी मावतात हे खरे, पण मग मुले दोन मुठी टाकतात!

क्षमेची गोष्ट निघाली तेव्हा एक नाजूक विषय मी मागे ठेवला होता. तो टाळून चालणार नाही. मार खाणाऱ्या बाईला आपल्याकडे काय सांगतात? "प्रार्थना कर, सहन कर, क्षमा कर. प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा सांगितलं आहे." सांगणाऱ्यांत पुष्कळदा तिची आईच असते. हा सल्ला चुकीचा आहे, असे मी स्पष्ट लिहिते. क्षमा म्हणजे मनातले वैर सोडणे. उद्या पुन्हा मार खायला त्याच खोलीत जाऊन उभे राहणे म्हणजे क्षमा नव्हे. आणि ते रोज पाहणाऱ्या मुलांना त्यातून येशू दिसत नाही, बापाचा हात तेवढा दिसतो.

कायद्याची माहितीही असू द्या. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला छळ किंवा टाकून देणे, असे दोन्ही सिद्ध करावे लागे. छळ कितीही झाला तरी तेवढ्यावर तिची सुटका नव्हती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा अन्याय असल्याचे म्हटले, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. आता छळ हे एकटे कारणही पुरते, आणि नवरा-बायकोंना नियम सारखे आहेत. घटस्फोट नको असेल तरी २००५ चा घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. त्यात राहत्या घरातून न काढले जाण्याचा हक्क मागता येतो. तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे फोन क्रमांक आहेत. कॅथलिक भगिनींना वाटते, आपल्याला तर वेगळे राहण्याचीही मुभा नाही. तसे नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत, जोडीदाराकडून स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्यास आधार दिलेला आहे. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायांनी अशा मुलीला वचने ऐकवण्याआधी आपल्या घरी दोन रात्री झोपायला जागा द्यावी.

शेजाराविषयी फार लिहीत नाही, कारण ते आपल्या बायकांना चांगले जमते. नाताळात ख्रिस्ती घरातून करंज्या-चकल्यांची ताटे शेजारी जातात, दिवाळीला तीच ताटे भरून परत येतात. रिकामे ताट परत करायचे नाही, हा नियम दोन्ही धर्मांच्या बायकांना कुणी शिकवावा लागला नाही. प्रसादाचा प्रश्न मात्र मुले विचारतात. "आई, शाळेतला प्रसाद घेऊ का?" पौलाने करिंथकरांना लिहिताना याच प्रश्नाचा विचार केला आहे. त्याचा रोख असा, की खाण्याने देवाशी आपले नाते कमी-जास्त होत नाही, परंतु दुसऱ्या विश्वासणाऱ्याच्या मनाला ठेच लागू नये. घराघराचे उत्तर निराळे असेल. काही घेतात, काही नम्रपणे नाही म्हणतात. एवढे मात्र शिकवा, की नाही म्हणताना तोंड वाकडे करायचे नाही आणि घेऊन टाकून द्यायचे नाही.

सर्वांत अवघड दिवस येतो तो पंधरा-सोळाव्या वर्षी. मुलगा पांघरुणातून तोंड बाहेर न काढता सांगतो, "मी आज उपासनेला येणार नाही. पुढच्या रविवारीही नाही." आईच्या पोटात खड्डा पडतो. इतकी वर्षे केलेले सगळे फुकट गेले का? लोक काय म्हणतील? आजी रडते, बाबा आवाज चढवतात.

अशा वेळी मला मोनिकेची आठवण होते. चौथ्या शतकातली उत्तर आफ्रिकेतली ही बाई, ऑगस्टीनची आई. मुलगा हुशार, पण आईच्या श्रद्धेपासून दूर गेलेला. ती त्याच्या मागे मागे फिरली. कार्थेजला तर तिला चुकवून, ती एका प्रार्थनास्थळी रात्र काढत असताना, तो गुपचूप जहाजात बसून रोमला निघून गेला! त्याआधी तिने एका बिशपाला गाठून, माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा, अशी गळ घातली होती. बिशप शहाणा होता. त्याला सध्या एकटा सोड आणि नुसती प्रार्थना कर, असे त्याने सांगितले. ती ऐकेना, रडत राहिली, तेव्हा तो वैतागलाही. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा पुढे ३८७ साली मिलानमध्ये झाला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. त्याच वर्षी मोनिका वारली. हे सर्व त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवले.

तुमचा मुलगा संत होईलच असे कुणी सांगावे? कदाचित तो कधीच परत येणार नाही. कदाचित तो दुसऱ्या धर्मातली सून घेऊन येईल, आणि तिला तुमची गीते तुमच्या मुलीपेक्षा अधिक आवडतील. असेही झालेले मी पाहिले आहे. त्या रविवारी मात्र त्याला ओढत नेऊ नका, आणि अबोलाही धरू नका. "बरं, तू घरी थांब. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर," असे सांगून बाकीच्यांनी वेळेवर निघावे. परतल्यावर प्रवचनाचा सारांश त्याला ऐकवू नये. एकत्र जेवायला बसावे, रोजची अन्नाची प्रार्थना रोजच्यासारखीच व्हावी. तो डोळे मिटतो की उघडे ठेवतो ते पाहायला आपण आपले उघडू नयेत.